परदेशात मीडियम वेव्ह लागत नाही? रेडिओ उघडण्याआधी हे तपासा

घरी व्यवस्थित वाजणारा रेडिओ परदेशात नेला की मीडियम वेव्हवर नुसता खरखरतो, ही तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतच असतात. काहींनी तर येण्याआधी रेडिओ खोलूनही पाहिलेला असतो. आता मी रेडिओ हातात घ्यायच्या आधीच विचारतो: देश कोणता होता, वेळ कोणती, खोलीत बसला होतात की बाहेर, आणि आकडा कोणता लावला होता? एवढ्यावरच बहुतेक वेळा दोष सापडतो, आणि तो रेडिओत क्वचितच असतो.

खालच्या तपासण्या फुकट आणि झटपट होणाऱ्या कामांपासून खर्चाच्या, कटकटीच्या कामांकडे जातात. मधली पायरी गाळून थेट अँटेना विकत घ्यायला धावू नका. चुकीच्या स्टेपवर (म्हणजे बटण दाबल्यावर रेडिओ एका उडीत जेवढं अंतर जातो त्यावर) लावलेल्या रेडिओला कितीही चांगली अँटेना जोडली, तरी आवाज घोगराच येणार.

आधी लक्षण ओळखा

"लागत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. रेडिओ कानाशी धरा, पट्टा खालपासून वरपर्यंत सावकाश फिरवा आणि नेमकं काय ऐकू येतं ते बघा.

बोलणं ऐकू येतं पण घोगरं, "स" आणि "श" फाटतात, संगीत चिरकं वाटतं. मात्र मधूनच एखादं स्टेशन अगदी स्वच्छ लागतं. हा स्टेपचा दोष. पहिली तपासणी वाचा.

पूर्ण पट्ट्यावर एकसारखी घरघर किंवा भुणभुण, आणि रेडिओ हातात धरून चाललं की ती कमी-जास्त होते. खोलीतली विजेची उपकरणं त्रास देत आहेत.

दिवसा एखाददुसरं स्टेशन, रात्री मात्र एकावर एक चढलेली गर्दी. हा बिघाड नव्हे, मीडियम वेव्हचा स्वभावच तसा आहे. पण तो समजून न घेतल्यामुळे बरेच रेडिओ दुरुस्तीला येतात.

रात्री आवाज चढतो, उतरतो, मध्येच विचित्र पोकळ होऊन फाटतो आणि पुन्हा नीट होतो. हेही आकाशातून येणाऱ्या लहरींचं काम.

एकच स्टेशन पट्ट्यावर दोन-तीन ठिकाणी लागतं. जवळपास जोरदार ट्रान्समीटर आहे.

बाकी पट्टा जिवंत आहे, पण नेमकं हवं ते स्टेशन तेवढं नाही. ते बंद झालं असण्याची शक्यता मोठी आहे.

आणि शेवटचं: खरखरसुद्धा नाही, सगळं मुकं, किंवा एफएम झकास पण मीडियम वेव्हवर अगदी क्षीण सुरसुर, कुठेही नेलं तरी तेवढीच. रेडिओवर संशय घ्यायला जागा आहे ती फक्त इथे.

पहिली तपासणी: ९ की १०?

एका मिनिटाचं काम आणि खर्च शून्य. तरीही सगळ्यात जास्त रेडिओ इथेच "दुरुस्त" होतात.

मीडियम वेव्हवरची स्टेशनं ठरावीक अंतरावर बसवलेली असतात. युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडे हे अंतर ९ किलोहर्ट्झ आहे: ५३१, ५४०, ५४९ असं चढत जातं. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत ते १० किलोहर्ट्झ आहे: ५३०, ५४०, ५५०. आकडे दाखवणारा रेडिओ बटण दाबल्यावर एका उडीत तेवढंच अंतर पुढे जातो. उडी चुकीची असली की तो स्टेशनवर न थांबता शेजारी थांबतो.

टोकियोत एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं रेडिओ केंद्र ५९४ वर आहे. १० च्या स्टेपवर ठेवलेला रेडिओ ५९० वर थांबेल, म्हणजे ४ किलोहर्ट्झ बाजूला. बीबीसी फाइव्ह लाइव्हच्या ६९३ साठी ६९० वर, सिडनीच्या एबीसीच्या ७०२ साठी ७०० वर. उलट बाजूने, बॉस्टनचं १०३० ऐकायचं असेल आणि स्टेप ९ ची असेल, तर रेडिओ १०२६ वर तरी थांबतो नाहीतर १०३५ वर तरी. एक-दोन किलोहर्ट्झचा फरक कान खपवून घेतो. तीन-चारचा फरक पडला की बोलणं फाटतं, आणि स्टेशन कमजोर असेल तर ते सापडतच नाही. ऑटो स्कॅन तर अशा वेळी निम्मी स्टेशनं ओलांडून जातो आणि माणसाला वाटतं, या देशात रेडिओच नाही.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. ९० ने भाग जाणारे आकडे दोन्ही पद्धतींत सारखेच येतात: ५४०, ६३०, ७२०, ८१०, ९००, ९९०, १०८०, ११७० आणि तसेच पुढे. या आकड्यांवरची स्टेशनं स्वच्छ आणि बाकीची घोगरी असतील, तर दुसरं काही शोधत बसू नका. हंगेरीच्या शोल्टचं ५४० हे जोरदार स्टेशन अशा चुकीच्या स्टेपवरही मध्य युरोपात रात्री खणखणीत लागतं, आणि त्यामुळेच माणूस फसतो: "एक लागतंय म्हणजे रेडिओ बरोबर आहे, बाकीचीच स्टेशनं कमजोर असतील."

स्टेप बदलायचं बटण कुठे असतं? काही रेडिओंत सेलच्या खाचेत छोटा स्विच असतो. काहींत रेडिओ बंद असताना एखादं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. माहितीपुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो निघण्याआधीच मोबाइलमध्ये काढून ठेवा. स्टेप बदलल्यावर बऱ्याच रेडिओंतली साठवलेली स्टेशनं पुसली जातात. ते बिघाडाचं चिन्ह नव्हे.

काटा फिरवायच्या जुन्या रेडिओला ही अडचण नाही, तो कुठेही थांबतो. मात्र त्याचा पट्टा बहुधा १६०० च्या आसपास संपतो आणि अमेरिकेत स्टेशनं १७०० पर्यंत आहेत. तेवढा वरचा तुकडा त्यावर मिळणार नाही.

दुसरी तपासणी: दांडी ओढू नका, रेडिओ फिरवा

स्टेशन नीट लागलं नाही की माणसाचा हात आपोआप वरच्या दांडीकडे जातो. बहुतेक प्रवासी रेडिओंत ती दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मीडियम वेव्हची अँटेना आत असते: काळ्या फेराइटची कांडी, तिच्यावर बारीक तारेचं वेटोळं. ही कांडी साधारणपणे रेडिओच्या लांबीच्या दिशेने आडवी बसवलेली असते.

कांडीची लांब बाजू स्टेशनकडे असली की आवाज सर्वांत मोठा. टोक स्टेशनकडे वळलं की आवाज पडतो. मोठा आवाज बऱ्याच अंशांच्या टापूत टिकतो, पण पडण्याची जागा अगदी अरुंद असते, त्यामुळे हात सावकाश फिरवायला हवा. रेडिओ टेबलावर आडवा ठेवा आणि तबकडी फिरवावी तसा हळूहळू पाव फेरा द्या. मध्येच एका जागी घरघर एकदम खाली बसते आणि मागून एखादा निवेदक बोलताना ऐकू येतो. त्याच जागी रेडिओ सोडा आणि हात बाजूला घ्या, कारण तुमच्या हातानेही थोडा फरक पडतो.

रात्री एकाच आकड्यावर दोन स्टेशनं भांडत असतील तेव्हाही हीच युक्ती. नको असलेल्या स्टेशनकडे कांडीचं टोक करा. ऐकायचं स्टेशन मोठं करण्यापेक्षा नको ते लहान करणं जास्त सोपं पडतं. नवशिक्यांना हे पटायला वेळ लागतो.

तिसरी तपासणी: खोली

परदेशात आपण बहुतेक वेळा हॉटेलात उतरतो, आणि हॉटेलची खोली म्हणजे मीडियम वेव्हचा शत्रू. भिंतीत लोखंडी सळया, काचेवर ऊन अडवणारा धातूचा पातळ थर, आणि आत चार्जर, एलईडी दिवे, टीव्ही, छोटा फ्रिज, एसी. बाहेरचा सिग्नल आत येत नाही आणि आतला गोंगाट बाहेर जात नाही.

सुरुवात स्वतःच्या सामानापासून करा. रेडिओ चार्जरवर असेल तर चार्जर भिंतीतून काढा, नुसता रेडिओपासून सुटा करून भागत नाही. मोबाइलचा आणि लॅपटॉपचा चार्जरही काढा. हे चार्जर वीज हजारो वेळा दर सेकंदाला तोडून-जोडून काम करतात आणि त्यातून निघणारा गोंगाट नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यावर पसरतो. पॉवर बँकही निर्दोष नाही, तिच्यातही व्होल्टेज वाढवणारं असंच सर्किट असतं. ऐकताना रेडिओ फक्त सेलवर चालवा.

मग खोलीची चाचणी. कार्ड खाचेत घातल्यावर वीज सुरू होते अशी खोली असेल, तर रेडिओ चालू ठेवून कार्ड बाहेर काढा. काही क्षणांत दिवे, टीव्ही, एसी बंद होतात. घरघर त्याबरोबर बसली, तर गुन्हेगार खोलीतच आहे. कार्ड पुन्हा घाला आणि एकेक वस्तू चालू करत जा. मला सर्वाधिक वेळा सापडलेले गुन्हेगार म्हणजे पलंगाजवळचा मंद-तेज होणारा दिवा, आरशाभोवतीची एलईडी पट्टी आणि बंद करूनही लाल ठिपका दाखवत राहणारा टीव्ही. फ्रिजची वीज बरेचदा कार्डाबाहेर असते, त्याचा प्लग वेगळा काढून बघा आणि झोपण्याआधी परत लावायला विसरू नका.

कार्ड काढूनही घरघर तशीच राहिली, तर ती लिफ्टची, मार्गिकेतल्या दिव्यांची किंवा शेजारच्या खोलीची. तिच्यावर तुमचा इलाज नाही. खोलीतली वीज तोडायला मुख्य पेटीला हात लावू नका. रेडिओ उचला, खिडकी उघडा, बाल्कनीत जा. काच उघडल्याबरोबर स्टेशनं येऊ लागली तर अडथळा काचेचा होता. खिडकी उघडतच नसेल, तर रेडिओ काचेला अगदी चिकटवून बघा. चौकट धातूची असेल तर तिच्यापासून थोडा दूर.

जहाजावर हीच गोष्ट अधिक तीव्र. केबिन पोलादाची असते, आत काहीही लागणार नाही. डेकवर मात्र मीडियम वेव्हची चंगळ असते. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्यामुळे जमिनीलगत जाणारी लहर समुद्रावरून खूपच लांब पोचते. किनाऱ्यावर उतरला असाल, तर खोलीत चडफडत बसण्यापेक्षा रेडिओ घेऊन पाण्याच्या काठावर जा. कोरड्या, खडकाळ जमिनीवर दिवसा न लागणारी स्टेशनं तिथे भरदुपारी लागतात.

भाड्याची गाडी घेतली असेल तर तीही उपयोगी. गाडीचा रेडिओ मीडियम वेव्हला बहुधा खिशातल्या रेडिओपेक्षा सरस असतो आणि त्या देशाच्या स्टेपवर लावलेला असतो. बटणावर एएम असं लिहिलेलं असेल, तेच मीडियम वेव्ह. गाडीत लागलेलं स्टेशन तुमच्या रेडिओवर लागत नसेल, तर स्टेशन हवेत आहे एवढं तरी पक्कं झालं. विजेवर चालणाऱ्या काही गाड्यांत मात्र एएम काढूनच टाकलेलं असतं, कारण गाडीच्याच यंत्रणेचा गोंगाट त्यावर येतो.

चौथी तपासणी: घड्याळ आणि सूर्य

वातावरणाच्या वरच्या भागात, आयनांबरात, सूर्याच्या प्रकाशाने डी नावाचा थर तयार होतो. दिवसा तो वर जाणाऱ्या मीडियम वेव्ह लहरी टीपकागदासारखा शोषून घेतो. उरते ती फक्त जमिनीलगतची लहर, म्हणून दिवसा जवळची स्टेशनंच लागतात. सूर्य मावळला की डी थर विरतो, लहरी त्याच्यावरच्या थरांवरून परतून खाली येतात आणि हजार किलोमीटरवरचं स्टेशन उशाशी बोलू लागतं.

म्हणून "दुपारी प्रयत्न केला, काही नव्हतं" याला अर्थ नाही. सूर्यास्तानंतर तासाभराने पुन्हा लावा. पहाटे उजाडण्याआधीचा वेळही चांगला, कारण तेव्हा इमारतीतली उपकरणं कमी चालू असतात. उन्हाळ्यात उत्तर युरोपात, विशेषतः नॉर्वे-फिनलंडच्या उत्तरेला गेला असाल, तर तिथे नीट अंधारच पडत नाही. मग डी थरही विरत नाही आणि दूरची स्टेशनं येत नाहीत. तिथे रेडिओ तपासून काही हाती लागणार नाही.

अमेरिकेत आणखी एक गंमत आहे. तिथली काही स्टेशनं फक्त दिवसा प्रक्षेपण करण्याच्या परवान्यावर चालतात, तर बरीच सूर्यास्ताला शक्ती कमी करतात किंवा लहरींची दिशा बदलतात, म्हणजे रात्री दूरच्या स्टेशनांना त्रास होऊ नये. संध्याकाळी छान ऐकत असलेलं स्टेशन एकाएकी गायब झालं तर आधी घड्याळ बघा. याउलट नॅशव्हिलचं ६५०, सिनसिनाटीचं ७००, बॉस्टनचं १०३० अशी ५० किलोवॅटची स्टेशनं रात्री अनेक राज्यांत पोचतात. अमेरिकेत रेडिओ ठीक आहे की नाही हे रात्री तपासायचं असेल, तर मी पहिल्यांदा हेच आकडे लावून बघतो.

कोणतं स्टेशन लागलंय हे कळत नसेल तर तास पूर्ण होण्याच्या क्षणी ऐका. अमेरिकेत स्टेशनला दर तासाला आपली संकेताक्षरं आणि गावाचं नाव सांगावंच लागतं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला बहुतेकांची सुरुवात डब्ल्यूने होते, पश्चिमेला के ने. कॅनडात सी, मेक्सिकोत एक्स.

रात्री आवाज फाटण्याचं काय? एकाच स्टेशनची लहर दोन वाटांनी आली की त्या कधी एकमेकींना जोर देतात, कधी खोडून टाकतात. ब्रिटनमध्ये फाइव्ह लाइव्हसारखा एकच कार्यक्रम बऱ्याच ट्रान्समीटरवरून त्याच आकड्यावर सोडलेला असतो, तिथे दोन ट्रान्समीटरच्या मधल्या भागात हा त्रास जास्त. ६९३ बिघडत असेल तर ९०९ लावून बघा, कार्यक्रम तोच आहे. दुरुस्तीने हे जाणार नाही.

उष्ण कटिबंधात पावसाळी ढग असतील तर तडतड ऐकू येईल. ती विजांची, शेकडो किलोमीटरवरचीही. ती घरघरीसारखी सलग नसते, तुटक असते, म्हणून लगेच ओळखू येते.

पाचवी तपासणी: ते स्टेशन उरलंय तरी का?

युरोपात जाणाऱ्यांनी खरं तर हे निघण्याआधीच बघायला हवं. जुन्या युरोपियन रेडिओंच्या काचेवर ज्या गावांची नावं छापलेली असत, त्यांतली बरीचशी आता मुकी आहेत. स्वित्झर्लंडचं बेरोमुन्स्टर ५३१ वर होतं, ते २००८ च्या डिसेंबरात थांबलं. नेदरलँड्सचं ७४७ सप्टेंबर २०१५ मध्ये गेलं. जर्मनीचं डॉइचलांडफुंक आणि फ्रान्सचं सरकारी मीडियम वेव्ह २०१५ च्या अखेरीस बंद झालं, इटलीच्या राई या सरकारी प्रसारण संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये बंद केलं, आणि बीबीसी रेडिओ फोरचे मीडियम वेव्ह ट्रान्समीटर एप्रिल २०२४ मध्ये थांबले. जपानमध्येही खासगी स्टेशनं एएम सोडून एफएमकडे वळत आहेत. दहा वर्षांपूर्वीची यादी हातात घेऊन बर्लिनमध्ये रेडिओ फिरवला तर रेडिओचा दोष काय?

तपासायचा फुकट उपाय म्हणजे इंटरनेटवरून चालणारे दूरचे रिसीव्हर. नेदरलँड्समध्ये एन्स्खेडे इथे ट्वेंटे विद्यापीठात असा एक वेबएसडीआर आहे. मोबाइलवर उघडा, आकडा टाका आणि तिथली अँटेना काय ऐकते ते ऐका. किवीएसडीआर प्रकारचे रिसीव्हर जगभर विखुरलेले आहेत, तुम्ही आहात त्या भागातला निवडा. तिथेही नुसती सुरसुर असेल तर स्टेशन हवेत नाही, किंवा त्या वेळी पोचत नाही. तिथे स्वच्छ आणि तुमच्याकडे काहीच नाही, तर तुमची खोली किंवा रेडिओ. एवढी एक चाचणी केली तर निम्मा वाद मिटतो.

सहावी तपासणी: सेल आणि अॅडाप्टर

सेल उतरले की मोठ्या आवाजात बोलणं फाटतं आणि कमजोर स्टेशनं आधी जातात. नवे सेल घालून बघा, जुने-नवे एकत्र नको. खाचेतल्या पत्र्यावर पांढरी-हिरवी पूड दिसली तर सेल गळलेत. कोरड्या कापडाने पुसा, हात धुवा.

अॅडाप्टर वापरणारच असाल तर त्यावरची बारीक अक्षरं वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर कुठेही चालेल. फक्त २३० लिहिलेला अॅडाप्टर जपानच्या १०० व्होल्टवर किंवा अमेरिकेच्या १२० वर लावला तर रेडिओ गुणगुणतो किंवा चालत नाही. फक्त १२० चा अॅडाप्टर २३० वर लावला तर तो जळतो. प्लगचं टोक बदलणारा छोटा तुकडा व्होल्टेज बदलत नाही.

सातवी तपासणी: सिग्नल जास्त झाला तर

लोकल-डीएक्स (जवळचं-दूरचं) असा स्विच असेल तर तो लोकलवर करा. ट्रान्समीटरच्या जवळ असताना रेडिओचा पुढचा भाग गुदमरतो आणि एकच स्टेशन जागोजागी दिसतं. जुन्या पद्धतीच्या रेडिओंत आतली मधली फ्रिक्वेन्सी (आलेलं प्रत्येक स्टेशन रेडिओ आत ज्या एका ठरावीक आकड्यावर आणतो ती) ४५५ किलोहर्ट्झ असते, त्यामुळे १५०० वरचं जोरदार स्टेशन तिच्या दुपटीने, म्हणजे ९१० ने खाली, ५९० वरही उमटू शकतं. त्याच ४५५ ची दुप्पट ९१० असल्यामुळे अशा रेडिओवर ९०९ लावलं की बारीक शिट्टी ऐकू येते. रेडिओ फिरवून ती जात नाही. ती रेडिओची जन्मखूण आहे, दुरुस्तीला टाकू नका.

अमेरिकेत काही जोरदार स्टेशनांच्या दोन्ही बाजूंना सलग फस्स असा आवाज येतो. तो त्यांच्या डिजिटल प्रक्षेपणाचा. बँडविड्थ (रेडिओ एका वेळी ऐकतो त्या तुकड्याची रुंदी) कमी करायची सोय असेल तर वापरा, नसेल तर सोडून द्या.

आठवी तपासणी: लूप अँटेना

इथे पहिल्यांदा पैसे खर्च होतात, म्हणून इतक्या खाली. मीडियम वेव्हसाठी छोट्या ताटाएवढ्या गोल लूप अँटेना मिळतात, त्यावर एक फिरवायचं बटण असतं. वीज लागत नाही, रेडिओला जोडायचीही गरज नसते. रेडिओ आधी स्टेशनवर लावा, लूप त्याच्या शेजारी आणा आणि बटण फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळतो. मग लूप आणि रेडिओ दोन्ही एकत्र फिरवून सर्वोत्तम दिशा धरा. आवाज उसळला नाही, तर लूप फेराइट कांडीच्या चुकीच्या बाजूला आहे. रेडिओला नव्वद अंशांत वळवून पुन्हा बघा.

गोंगाट खोलीतलाच असेल तर लूप तोही वाढवते. म्हणूनच तिसरी तपासणी आधी.

खिडकीबाहेर लांब तार सोडायचा मोह होतो. खिशातल्या रेडिओला ती सहसा झेपत नाही, सगळी स्टेशनं एकमेकांत मिसळतात. वीजवाहिन्यांच्या जवळ, गॅलरीच्या रेलिंगवरून रस्त्यावर, किंवा ढग गडगडत असताना तार बाहेर सोडू नका. भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगमध्ये तार खुपसणं तर कधीच नाही.

इथे थांबा

विमानात बहुतेक विमान कंपन्या रेडिओ रिसीव्हर चालवू देत नाहीत. कर्मचारी नाही म्हणाले की रेडिओ बंद, तपासण्या जमिनीवर. लष्करी तळ, बंदर, सीमेवरची चौकी यांच्या आसपास तार आणि लूप घेऊन उभं राहू नका. तिथे लोक तांत्रिक खुलासा ऐकायच्या मनःस्थितीत नसतात.

खोलीतल्या प्लगमधून ठिणगी उडत असेल, दिवा चरचरत असेल, सॉकेट गरम लागत असेल, तर तो रेडिओचा प्रश्न उरला नाही. हॉटेलच्या दुरुस्ती विभागाला बोलवा. अॅडाप्टर स्वतः उघडू नका. विजेवर थेट चालणारा जुना, व्हॉल्व्हचा रेडिओ बाजारात हाती लागला असेल तर तो प्लगला न लावताच परत आणा. त्यातल्या काहींच्या सांगाड्यात थेट वीज खेळत असते आणि हे बाहेरून कळत नाही.

आणि रेडिओच बिघडला असा संशय असेल, तर दुकानात जाण्याआधी एक चाचणी करा. मीडियम वेव्ह लावून रेडिओ चालू चार्जरच्या किंवा एलईडी दिव्याच्या अगदी जवळ धरा. घरघर जोरात वाढली तर कांडी आणि तिच्यापुढचा भाग जिवंत आहे. पुन्हा वरच्या तपासण्यांकडे वळा. काहीच फरक पडला नाही, आणि एफएम मात्र छान चालतंय, तर फेराइटची कांडी मोडली असेल किंवा वेटोळ्याची केसासारखी तार सुटली असेल. सामानात रेडिओ आपटला की हे होतं, कारण फेराइट ठिसूळ असतं. पुढचं काम रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं. त्या तारेचे पदर वेगवेगळे आणि वार्निश लावलेले असतात, घरच्या सोल्डरिंगने एखादा पदर सुटला तरी आवाज क्षीणच राहतो. आतले स्क्रूसारखे दिसणारे रंगीत गाभे फिरवू नका. ते फिरवलेला रेडिओ पुन्हा जुळवायला मापनयंत्र लागतं आणि खर्च वाढतो.

दुकानात "चालत नाही" असं सांगू नका. एफएम चालतं का, मीडियम वेव्ह पूर्ण मुकं आहे की क्षीण, चार्जरजवळ धरल्यावर काय झालं, आणि रेडिओ पडला होता का, एवढं सांगा. साध्या खिशातल्या रेडिओचा दुरुस्तीचा खर्च नव्या रेडिओच्या निम्म्यावर गेला, तर मी गिऱ्हाइकाला नवा घ्यायला सांगतो आणि जुन्यातली कांडी, शाबूत असेल तर, काढून ठेवतो.